कॅमेरा घरी ठेवायचा की सोबत न्यायचा?



फराळाचे डबे अजून रिकामे झालेले नाहीत आणि आमच्या घरात बॅगा निघाल्या आहेत. पनवेलहून मत्स्यगंधा एक्स्प्रेसने मंगळूर, तिथून मूडबिद्री, कारकळ, वेणूर, धर्मस्थळ आणि मग घाट चढून श्रवणबेळगोळ, असा आठ दिवसांचा बेत आहे. आम्ही पाच जण. आमचे हे, मी, मुलगी, माझा बारा वर्षांचा पुतण्या आणि सासूबाई. सासूबाईंना अठ्ठ्याहत्तरावं चालू आहे. महामस्तकाभिषेक बारा वर्षांनी येतो. गेला २०१८ मध्ये झाला, पुढचा २०३० च्या सुमारास येईल. त्या म्हणाल्या, “तोवर मी कुठली थांबते? साधं दर्शन घडवा, तेवढंच पुरे.” म्हणून ही सहल.

कपडे, औषधं, सोवळ्याची वस्त्रं, पाणी गाळायचं फडकं, दशम्या-चटणीचे डबे, सगळं ठरलं. फक्त एका वस्तूवर तीन दिवस वाद चालला. मुलीचा कॅमेरा.

ती ऐरोलीला नोकरीला लागली तेव्हापासून पैसे साठवत होती. वर्षापूर्वी तिने तो घेतला. कॅमेरा आणि दोन लेन्स मिळून एक लाख चाळीस हजार. ह्यांचं म्हणणं सरळ होतं: “गाडीत गर्दी, डोंगरावर गर्दी. फोनमध्ये चांगले फोटो येतात. एवढी महाग वस्तू जोखमीला कशाला न्यायची?” मुलगी म्हणाली, “मग घेतला कशाला?” आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

खरं सांगते, मी ह्यांच्या बाजूची होते. त्याला कारण वेरूळ.

जानेवारीत आम्ही वेरूळला गेलो होतो, तेव्हा कॅमेरा नवाकोरा होता. आपली लेणी, म्हणजे ३० ते ३४ क्रमांकाची, उत्तरेच्या टोकाला आहेत. कैलास लेणं बघून थकलेली बरीच मंडळी तिथवर येतच नाहीत, त्यामुळे शांतता असते. ३२ क्रमांकाच्या इंद्रसभेत बाहुबलींची मूर्ती आहे, अंगावर वेली चढलेली. तिथे पुतण्याने चिक्कीच्या हाताने कॅमेऱ्याला हात लावला आणि मुलगी त्याच्यावर अशी ओरडली की पोरगं तासभर बोललं नाही. सासूबाईंना “आज्जी, परत एकदा ये ना, उजेड बरोबर नव्हता” म्हणून त्याच पायऱ्या दोनदा चढायला लावलं. मी? मी बाहेर दगडावर बसले होते. कॅमेऱ्याची बॅग, जादाची लेन्स, सगळ्यांच्या पर्सेस आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन. इंद्रसभा मी दहा मिनिटं पाहिली, तीही “बॅगेवर लक्ष आहे ना?” या प्रश्नासकट.

सगळ्यात वाईट पुढेच आहे. सासूबाई तिथे काहीतरी सांगत होत्या. लहानपणी त्यांचे वडील त्यांना बैलगाडी आणि एसटीने इथे घेऊन आले होते, त्याची गोष्ट. कोणीच ऐकली नाही. घरी आल्यावर मी विचारलं, “आई, तिथे तुम्ही काय सांगत होतात?” तर म्हणाल्या, “राहू दे गं. तिथं असताना आठवलं होतं.” त्या सहलीचे अकराशेच्या वर फोटो आहेत. हार्ड डिस्कवर गेले, ते अजून कोणी उघडलेले नाहीत.

असं आमच्याच घरी होतं असं नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठातल्या लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवून एक प्रयोग केला. काही वस्तूंचे फोटो काढायचे, काही नुसत्या पाहायच्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर ज्या नुसत्या पाहिल्या त्या जास्त आठवत होत्या. मात्र एखाद्या वस्तूचा बारीक भाग मुद्दाम जवळ आणून टिपला, तर ती तशी विसरली जात नव्हती. २०१७ मध्ये आणखी काही संशोधकांना असं दिसलं की स्वतःच्या मर्जीने फोटो काढणाऱ्यांना डोळ्यांनी पाहिलेलं जास्त लक्षात राहतं, पण कानांनी ऐकलेलं कमी राहतं. हे वाचलं आणि मला सासूबाईंची ती गोष्ट आठवली. मुलीला मूर्तीच्या अंगावरची प्रत्येक वेल आठवते. आजीचा आवाज आठवत नाही.

तर माझं मत ठरलं होतं, कॅमेरा घरी. मग मी तो ठेवायचा कुठे याचा विचार करायला लागले आणि तिथेच अडकले.

आठ दिवस फ्लॅट बंद. दिवाळीच्या सुट्टीत अर्धी सोसायटी गावाला. लोखंडी कपाटात ठेवावा, तर चोर पहिलं तेच उघडतो. गव्हाच्या डब्यात ठेवावा, तर पिठाची धूळ. शेजारच्या काकूंकडे द्यावा, तर त्यांना उगाच जबाबदारी. दागिन्यांसारखा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावा, तर आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत बंद जागेत लेन्सला बुरशी धरते. अशा वस्तू वापरात राहिल्या तरच टिकतात, नाहीतर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवाव्या लागतात. हा सगळा विचार करत मी रात्री साडेअकरापर्यंत जागी होते. तेव्हा लक्षात आलं की कॅमेरा घरी राहिला तरी माझ्याबरोबर येणारच आहे. मूडबिद्रीला हजार खांबांच्या बसदीत उभी असेन आणि मनात असेल, कपाटाची किल्ली नक्की कुठे ठेवली?

मैत्रिणींनो, परिग्रह म्हटलं की आपण वस्तू मोजायला लागतो. साड्या किती, भांडी किती, सोनं किती. मोजमाप हवंच, परिग्रह-परिमाण व्रत त्यासाठीच आहे. पण उमास्वामी आचार्यांनी तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूवरून करून दिलेली नाही. त्यांनी ती मूर्च्छेवरून, म्हणजे वस्तूत गुंतून पडलेल्या मनावरून करून दिली आहे. ज्यांच्या दर्शनाला आम्ही चाललो आहोत त्या बाहुबलींचीच कथा प्रवचनांत आपण किती वेळा ऐकलेली असते. राज्य सोडलं, वस्त्रं सोडली, वर्षभर एका जागी उभे राहिले, पायाशी वारुळं वाढली, अंगावर वेली चढल्या. तरी मनात एक शल्य राहिलं होतं आणि ते निघेपर्यंत केवलज्ञान अडलं. हातातून सुटलेलं मनातून सुटलेलं असतंच असं नाही. त्यांच्यापुढे माझा कॅमेरा म्हणजे हसण्याची गोष्ट, पण माझ्या पातळीवर शल्य तेच होतं. भीतीपोटी कुलपात ठेवलेली वस्तू ही सोडलेली वस्तू नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी त्यांच्या ट्रंकेतून एक फोटो काढून माझ्या हातात दिला.

१९८१ चा फेब्रुवारी. गोमटेश्वराच्या मूर्तीला हजार वर्षं झाली म्हणून झालेला सहस्राब्दी महामस्तकाभिषेक. पंतप्रधान इंदिरा गांधींनी हेलिकॉप्टरमधून पुष्पवृष्टी केली होती तो. सांगलीहून आमच्या गल्लीतली मंडळी गेली होती. फोटोत सासरे उभे आहेत, पांढरा सदरा, डोक्याला टोपी, मागे विंध्यगिरीच्या पायऱ्या. सासूबाई बाजूला, डोक्यावरून पदर, चेहरा अर्धा सावलीत. दोघांचा एकत्र असा तो एकच फोटो. सासरे जाऊन एकोणीस वर्षं झाली.

“कॅमेरा कोणाचा होता, आई?”

“शेजारच्या आण्णांचा. क्लिक थ्री. ते येऊ शकले नाहीत, म्हणून त्यांनीच आणून दिला. त्या काळात केवढी मोठी वस्तू! ह्यांनी नको म्हटलं, हरवला तर? आण्णा म्हणाले, हरवला तर हरवला, तुम्ही काय मुद्दाम हरवणार आहात? बारा फोटोंचा रोल होता. सगळ्या गल्लीला पुरवला.”

थोडा वेळ थांबून त्या म्हणाल्या, “न्यायचा नसेल तर तिनं घेतला कशाला? आणि नेऊन वेरूळसारखं करणार असाल तर नका नेऊ.”

एवढंच बोलल्या आणि शेंगा सोलायला बसल्या. माझा तीन दिवसांचा वाद त्यांनी दोन वाक्यांत मिटवला होता, पण मला तो नीट समजायला आणखी एक दिवस लागला.

आपण मूडबिद्रीला जातो तेव्हा तिथल्या सिद्धांत बसदीत जपलेल्या षट्खंडागमाच्या टीकेच्या ताडपत्रांबद्दल ऐकतो. कित्येक पिढ्या ती पानं अतिशय श्रद्धेने बंद ठेवली गेली. लोक त्यांचं दर्शन घ्यायचे, वाचत कोणी नसे, आणि ताडपत्रं जीर्ण होत चालली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे माणिकचंद झवेरी आणि सोलापूरचे हिराचंद नेमचंद दोशी यांच्यासारख्या श्रावकांनी खटपट केली, तेव्हा त्यांच्या नकला होऊ लागल्या. १९३९ साली हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला. ताडपत्रं जपणाऱ्यांचे उपकार आहेतच. पण ती उघडणाऱ्यांनी ती आपल्यापर्यंत पोहोचवली. वस्तू कशासाठी आहे हे विसरून ती नुसतीच सांभाळत राहिलं, तर तिचा उपयोग कोणाला?

मग मी मुलीला विचारलं, “या सहलीत कॅमेरा तुला कशासाठी हवा आहे?” वाटलं होतं, इन्स्टाग्रामचं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, “आज्जीसाठी.” गोमटेश्वराची मूर्ती सुमारे ५७ फूट उंच. खालून पाहिलं की पाय, गुडघे मोठे दिसतात आणि चेहरा लांब राहतो. आजींच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्यांना तो चेहरा, ते ओठांवरचं हसू नीट दिसणारच नाही. लांबची लेन्स लावून टिपलं, तर संध्याकाळी खोलीत मोठं करून दाखवता येईल. आणि मूर्तीच्या पायाशी तो शिलालेख आहे, मराठीतल्या अगदी जुन्या शिलालेखांत गणला जाणारा. चावुंडरायाने मूर्ती करवली आणि गंगराजाने भोवतालचा आवार बांधवला, हे सांगणारा. सासूबाई शाळेत चौथीपर्यंतच गेल्या. कर्नाटकातल्या त्या डोंगरावर हजार वर्षांपूर्वीचे बाहुबली उभे आहेत आणि त्यांच्या पायाशी आपली भाषा कोरलेली आहे, हे त्यांना कोणीतरी दाखवायला हवं.

यावर माझ्याकडे नको म्हणायला कारण उरलं नाही.

पण ‘नेऊया’ एवढं म्हणून भागत नाही. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात भोग आणि उपभोग वेगळे सांगितले आहेत. एकदा वापरून संपतं ते अन्नासारखं, तो भोग. पुन्हा पुन्हा वापरता येतं ते वस्त्रासारखं, तो उपभोग. दोन्हींना मर्यादा घालायची. ती जन्मभराची असेल तर यम, ठरावीक काळापुरती असेल तर नियम. कॅमेरा हा उपभोग. मग आठ दिवसांचा नियम का करू नये? रात्री जेवणं झाल्यावर (म्हणजे सूर्यास्तानंतर, आमच्याकडे तेवढा निवांत वेळ असतो) आम्ही पाचही जण बसलो आणि ठरवलं.

एक, जो नेईल तो वाहील. कॅमेऱ्याची बॅग मुलीच्याच खांद्यावर. माझ्या खांद्यावर औषधं आणि शिदोरी आहे, तेवढं पुरे. बायांनो, हे वाक्य तुम्हीही घरात मोठ्याने म्हणा. घरातल्या प्रत्येकाच्या हौशीचं ओझं शेवटी आईच्या खांद्यावर येतं आणि मग आपणच म्हणतो की सहलीला गेले आणि दमून आले.

दोन, आधी दर्शन. देवळात कॅमेरा जाणार नाही. गाभाऱ्यात फोटो काढू नका अशी पाटी बहुतेक ठिकाणी असते आणि नसली तरी आपण काढायचा नाही. बाहेर बॅगेपाशी पाळीपाळीने थांबायचं आणि पहिली पाळी कॅमेऱ्याच्या मालकिणीची. कॅमेऱ्याबरोबर आलेला पट्टा चामड्याचा होता, तो काढून टाकला आणि सुती लावला. आपल्याकडे हे बघायला विसरतात, तुम्हीही बघून घ्या. जुन्या रोलच्या फिल्ममध्ये प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं जिलेटिन असायचं, तेवढं तरी आताच्या कॅमेऱ्यात टळलं.

तीन, एका ठिकाणी बारा फोटो. हे मुलीनेच सुचवलं, क्लिक थ्रीच्या रोलवरून. बारा संपले की कॅमेरा बॅगेत.

चार, आजी बोलायला लागल्या की कॅमेरा खाली. हा नियम पुतण्याने घातला. वेरूळ त्याच्याही लक्षात आहे.

पाच, आणि हा सगळ्यात अवघड. हरवला, पडला, चोरीला गेला, तर ज्याच्या हातून झालं त्याला कोणी बोलायचं नाही. तक्रार नोंदवायची आणि पुढच्या मुक्कामाला निघायचं. यावर हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “ठीक आहे. आण्णांनी दिलाच होता ना.”

व्यवहारही सांभाळायला हवा. रेल्वे कायद्यानुसार आपण स्वतःजवळ बाळगलेलं, बुक न केलेलं सामान हरवलं तर रेल्वेचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. तेव्हा बॅग बर्थखाली नाही, उशाशी. बॅगही साधी कापडी, बाहेर कंपनीचं नाव नसलेली. घराच्या साध्या विम्यात बाहेर नेलेली वस्तू बहुधा धरत नाहीत. सोबत फिरणाऱ्या वस्तूंसाठी वेगळी ‘ऑल रिस्क’ पॉलिसी घ्यावी लागते, तेव्हा निघण्याआधी कागद वाचा. कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा क्रमांक आणि बिलाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. रोज रात्री कार्डावरचे फोटो दुसरीकडे उतरवा. कॅमेरा पुन्हा घेता येतो, फोटो नाही.

काही जणी म्हणतील, तीर्थक्षेत्री जायचं तर हात जोडायला जावं, फोटोची हौस कशाला? मला हे म्हणणं पटतं. एकटी गेले असते तर मी रिकाम्या हातानेच गेले असते. पण सोबत एक बाई आहे जिला वर पाहता येत नाही आणि एक मुलगा आहे ज्याला उद्या आजी आठवायची आहे. त्यांच्यासाठी बारा फोटो मला जास्त वाटत नाहीत.

आणि कोणी म्हणेल, एवढी महाग वस्तू! लग्नाला जाताना आपल्या हातातल्या पाटल्यांची किंमत कधी काढली आहे का? ती कॅमेऱ्याहून कमी भरणार नाही. त्या घालून आपण बसनेसुद्धा जातो आणि कोणी वाद घालत नाही, कारण ती सवयीची जोखीम झाली. या सहलीला मी पाटल्या लॉकरमध्ये ठेवल्या, कारण डोंगरावर त्यांचं काही काम नाही. कॅमेऱ्याचं काम आहे.

तुमच्याही घरी हा वाद होणार असेल, तर किंमत बाजूला ठेवून तीन गोष्टी विचारा. कोणासाठी न्यायचा? कोण सांभाळणार? आणि हरवला तर घरात काय होईल? पहिल्याचं उत्तर ‘दाखवायला’ असेल, दुसऱ्याचं ‘आई’ असेल, तर घरी ठेवा. तिसऱ्याचं उत्तर ‘वर्षभर ऐकून घ्यावं लागेल’ असं असेल, किंवा त्याचे हप्ते अजून डोक्यावर असतील आणि तो गेला तर खरोखर ओढाताण होणार असेल, तरीही घरीच ठेवा आणि फोनवर समाधान माना. त्यात कमीपणा काही नाही. पण या तिन्हींची उत्तरं मनाला पटत असतील, तर न्या. वापरा. मोजून वापरा.

शुक्रवारी दुपारची गाडी आहे. सूर्यास्ताआधी डबे उघडायचे आहेत, म्हणून दशम्या आज रात्रीच करून ठेवते. विंध्यगिरीच्या पायऱ्या सहाशेच्या वर आहेत, अनवाणी चढायच्या. सासूबाईंसाठी डोलीचं पाहू. १९८१ चा तो फोटो त्यांनी स्वतःच्या पिशवीत, स्तोत्राच्या वहीत घालून घेतला आहे. पायथ्याशी त्याच जागी उभं राहायचं म्हणतात. त्या दिवशीच्या बारांपैकी पहिला फोटो तो असेल.

जय जिनेंद्र.